एका स्मरणार्थ टेबलाचे पॉलिश

लाकडी सामानावरील पॉलिशला तीन वैरी असतात : उष्णता, सांडलवंड आणि वार्धक्य. तिघांत वार्धक्य सर्वांत सभ्य होय, कारण ते सावकाश येते. उरलेले दोघे शेजाऱ्यांच्या हातून येतात आणि पुष्कळदा चहाच्या रूपाने येतात. हे ज्ञान मला कोणत्याही ग्रंथातून प्राप्त झालेले नाही. आमच्या गावच्या शाळेस वडिलांच्या स्मरणार्थ एक टेबल अर्पण करावयास मी निघालो, त्या प्रवासात ते मला प्राप्त झाले.

आमचे गाव सापगावच्या पलीकडे. तेथे माझी पिठाची गिरणी आहे. माझा शेजारी शेखर हा वाशिंदच्या एका कारखान्यात कामास जातो व संध्याकाळी परत येताना जगातील सर्व माहिती बरोबर आणतो. त्याने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ शाळेस छताचा पंखा दिला होता. नाव तीन पात्यांवर तीन तुकड्यांत रंगविलेले होते. पंखा फिरू लागला म्हणजे नाव दिसेनासे होते, ही त्यातील उणीव मी प्रथमदर्शनीच हेरली होती व ती चारचौघांत बोलूनही दाखविली होती. परंतु त्या वर्षांत भारनियमन इतके होते की पंखा बहुधा स्तब्धच असे. परिणामी शेखरच्या वडिलांचे नाव मुलांना पाढ्यांबरोबर पाठ झाले.

माझे वडील गोमा धर्मा फर्डे यांचे नाव मात्र गावात कोठेच लिहिलेले नव्हते. सातबाऱ्यावर तेवढे होते, आणि सातबारा कोणी प्रेमाने वाचत नाही. ते वारल्यावर तेथेही फेरफार होऊन माझे नाव चढले. म्हणजे जगात एका ठिकाणी असलेले वडिलांचे नाव मीच खोडविले, असा विचार एके दिवशी गिरणीत बसल्या बसल्या माझ्या मनात आला आणि देवराम तात्यांचे तांदळाचे पीठ जाड दळले गेले. त्या जाड पिठाच्या भाकरी फाटल्या. तात्या तक्रार घेऊन आले, तेव्हा मी त्यांना सांगितले की, मी शाळेस टेबल देणार आहे. तात्यांना या उत्तराचा संबंध कळला नाही, तथापि बातमी त्यांनी सर्वत्र केली. मग मागे फिरणे उरले नाही.

लाकडाची अडचण नव्हती. आमच्या बांधावर वडिलांनी लावलेला साग वाऱ्याने उन्मळून पडला होता. पण साग हा मनुष्यापेक्षा जास्त कायद्यात राहतो. तो तोडण्यास परवानगी लागते, हलविण्यास परवानगी लागते, आणि माझा साग तर स्वतःहून पडला होता. संबंधित कचेरीतील कारकुनांनी मला विचारले की, झाड तोडावयाचे आहे काय. मी म्हणालो, ते पडलेले आहे. ते म्हणाले, पडलेल्यासाठी छापील अर्ज नाही, तरी ते उभे आहे असे समजून अर्ज करावा. मी तसा केला. मग पाहणीस आलेल्या गृहस्थांनी शेरा मारला की, जागेवर उभे झाड आढळले नाही. मी पुन्हा गेलो, पुन्हा ते पाहणीस आले, या खेपेस त्यांनी आडव्या झाडावरच बसून आमच्याकडचे ताक घेतले व ते झाड उभे असल्याचे मान्य केले. या सर्व व्यवहारात एक लाभ मात्र झाला. लाकूड सुकविण्यासाठी वेगळे थांबावे लागले नाही. परवानगी येईपर्यंत ते आपोआप सुकले.

टेबल घडविण्यास मुरबाडकडील धोंडी सुतार आला. त्याने टेबल उत्तम केले, याबद्दल दुमत नाही. चारही पाय एकाच वेळी जमिनीस टेकत, जे आमच्या गावातील इतर कोणत्याही टेबलाबाबत म्हणता येत नसे. मग त्याने मला साधा प्रश्न विचारला, की पॉलिश कोणते करावयाचे. तो प्रश्न त्याने अंगणात विचारला, हीच त्याची चूक. अंगणात विचारलेल्या प्रश्नास आमच्या गावात कोणीही उत्तर देऊ शकतो.

शेखर कुंपणापलीकडून म्हणाला की, कंपनीत साहेबांच्या टेबलाला मेलामाईन मारलेले आहे, त्यावर साहेब सिगारेट विझवितात तरी डाग पडत नाही. देवराम तात्या हे रेल्वेतून निवृत्त झालेले. उंबरमाळीकडे त्यांनी आयुष्यभर रूळ सांभाळले. त्यांनी अळशीच्या तेलाखेरीज लाकडाला काहीही लावणे हा लाकडाचा अपमान होय, असे मत दिले. मेलामाईन म्हणजे लाकडाला प्लास्टिकची पिशवी घालणे, असेही ते म्हणाले. त्यावर शेखरने, तेल लावलेल्या टेबलावर हजेरीपट ठेवला तर पटाच्या पुऱ्या होतील, असे उत्तर दिले. दोघे परस्परांशी बोलेनासे झाले, पण माझ्याशी बोलणे दोघांनीही दुप्पट केले.

तेव्हा मी शास्त्रीय मार्ग अवलंबिला. उरलेल्या एका फळीचे दोन भाग आखून एकावर तात्यांचे तेल आणि दुसऱ्यावर शेखरने वाशिंदहून आणलेले मेलामाईन लावले. ती फळी ओटीवर मांडून तिची परीक्षा आरंभिली. उष्णतेसाठी भाकरीचा तवा, सांडण्यासाठी चहा व सुकटीचे कालवण, आणि वार्धक्यासाठी ऊन. वार्धक्य लवकर यावे म्हणून मी फळी सकाळी पूर्वेकडे व दुपारनंतर पश्चिमेकडे फिरवीत असे. माझ्या पत्नीने, सरिताने, हे पाहून आपल्या आईस निरोप पाठविला की, जावई बरे आहेत, फक्त फळीला ऊन देतात.

या परीक्षेत लबाडी शिरली. शेखर स्वतःच्या भागावर कोमट चहा सांडी आणि तात्यांच्या भागावर उकळता. तात्या शेखरच्या भागावर कालवण ओतून ते बोटाने चोळीत व मग जोराने हळहळत. शेवटी तेल लावलेला भाग शेजारच्या शेळीने चाटून साफ केला. तात्यांचे म्हणणे असे पडले की, जे शेळीला आवडते ते पोरांना बाधणार नाही, म्हणून तेलच जिंकले. शेखरचे म्हणणे असे पडले की, शाळेच्या आवारातही शेळ्या येतात. निकाल लागण्यापूर्वीच सरिताने फळी उचलून पाण्याच्या हंड्यावर झाकण म्हणून ठेवली. तेथे ती आजही दोन्ही मतांसह आहे.

मी धोंडीला एकीकडे नेऊन विचारले की, या दोघांपैकी कोणीही न सुचविलेले असे काही आहे काय. तो म्हणाला, लाखेचे पॉलिश आहे. चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने घासत जावयाचे, हातावर हात. आरशासारखे येते. मी तत्काळ होकार दिला. गुणांपेक्षाही त्यात कोणी जिंकत नव्हते, हे मला महत्त्वाचे वाटले. मग धोंडी हळूच म्हणाला :

"शेट, पण याच्यावर ऊन भांडा ठेवाचा नाय. गरम लागला का ती लाख मऊ व्हते आनि पांढरी पडते. तेवढा एक सांभाला, बाकी काय चिंता नाय."

मी म्हणालो की, शाळेच्या टेबलावर ऊन भांडे कोण ठेवणार. तेथे खडू असतात, डस्टर असते, फार तर एखादा दंगेखोर विद्यार्थी असतो.

काम खळ्याशेजारच्या मांडवात चालू झाले आणि येथे माझ्या हातून एक चूक झाली जी शहरातील मनुष्य करूच शकला नसता. ते दिवस भात झोडणीचे होते. धोंडीने पहिला हात मारून टेबल वाळत ठेवले, आणि पलीकडे माझ्याच माणसांनी भात उपणावयास घेतले. वारा आमच्या बाजूचा होता. तासाभराने टेबलास बारीक सोनेरी लव फुटली. सगळा कोंडा पॉलिशमध्ये बसला होता. शेखर कामावरून येता येता थांबला, टेबलावरून हात फिरविला आणि म्हणाला की, याला आता दाढी करावी लागेल. धोंडीने खरोखरच पॉलिशकागद घेऊन त्याची दाढी केली. तो आवाज मला माझ्या गालावर जाणवत होता.

दुसऱ्यांदा काम घरात, माजघरात, दार लावून केले. तेव्हा स्पिरिटचा वास घरभर कोंडला, मग तो खिडकीतून बाहेर पडला आणि थेट रखमीबाईंच्या घरी गेला. रखमीबाई आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. गावातील दारू त्यांनी बंद केली आहे आणि ती पुन्हा चालू होऊ नये यासाठी त्या नाकाने गस्त घालतात. त्या चार बायका घेऊन आल्या. दार बंद, आत दोन पुरुष, हातात बाटली व फडके, आणि डोळे वासाने लाल. मी त्यांना शांतपणे सांगितले की, आम्ही वडिलांसाठी करीत आहोत. त्याने परिस्थिती सुधारली नाही. अखेर धोंडीने त्यांच्यापुढे लाख विरघळवून दाखविली आणि बायकांनी एकेक बोट टेबलाला लावून पाहिले. त्या बोटांचे ठसे काढण्यास पुन्हा एक हात मारावा लागला. रखमीबाई जाताना म्हणाल्या की, टेबल चांगले आहे, पण पोरांना त्याचा वास देऊ नये.

मग सापगावहून रंगारी आणून टेबलाच्या दर्शनी कडेजवळ, वरच्याच बाजूस, पांढऱ्या अक्षरांत मजकूर लिहविला : कै. गोमा धर्मा फर्डे यांच्या स्मरणार्थ. त्यावर धोंडीने शेवटचा हात दिला. टेबलात आढ्याची कौले दिसू लागली. मी वाकलो तर त्यात माझा चेहरा दिसला, आणि तो मला वडिलांसारखा वाटला. ही गोष्ट मी कोणास सांगितली नाही.

प्रजासत्ताकदिनास अद्याप अवकाश होता. तोवर टेबल आमच्या घरी राहिले आणि ते पाहण्यास लोक येऊ लागले. आलेल्या मनुष्यास चहा द्यावा लागतो, आणि चहा दिलेला मनुष्य कप ठेवण्यास जागा शोधतो. घरात दुसरे टेबल नव्हते. मी प्रत्येकाचा कप तो टेकण्यापूर्वीच हवेत झेलीत असे. काहींचा चहा अर्धा असे, काहींनी तोंडही लावलेले नसे. गावात बोलवा झाली की, सुदाम हल्ली पाहुण्याच्या हातातला चहा काढून घेतो. तात्या तर आमच्याकडे घरूनच चहा पिऊन येऊ लागले. मी टेबलावर गोधडी घातली, तर पॉलिश अजून पुरते कडक झाले नसल्यामुळे गोधडीचे टाके त्यावर उमटले, आणि धोंडीला मुरबाडहून पुन्हा बोलवावे लागले. येताना त्याने आपल्या बायकोस सांगितले होते की, ते टेबल आता माझ्या नावावर करून मागतो.

सन दोन हजार सहाचा प्रजासत्ताकदिन उजाडला. टेबल बैलगाडीतून, पेंढ्यावर, मिरवीत नेले. शाळेच्या पटांगणात ध्वजस्तंभाशेजारी ते मांडले, तेव्हा उन्हात ते असे झळकले की पहिल्या रांगेतील मुलांनी डोळ्यांवर हात धरले. शेखर त्याच्याकडे पाहून काही बोलला नाही. हे माझ्या आयुष्यातील मोठ्या सन्मानांपैकी एक मी समजतो.

मुख्याध्यापिका रुपालीबाई फार नीटनेटक्या. ध्वजवंदनाआधी टेबलाची पूजा व्हावी, असे त्यांनीच ठरविले होते. नवी वस्तू आली आणि तिला हळदकुंकू वाहिले नाही, असे आमच्याकडे होत नाही. गाडी असो, गिरणीचा पट्टा असो, नांगराचा फाळ असो. मलाही त्यात गैर दिसले नाही. हळद कुंकू सुके होते. नारळ मी आधीच सांगून दगडावर फोडविला व त्याचे पाणी तांब्यात धरविले. अक्षतांवरही मी नजर ठेवून होतो. एवढी दक्षता घेतल्यावर मनुष्य थोडा निर्धास्त होतो, आणि तेथेच तो फसतो.

विस्तार अधिकारी साहेबांना यावयास उशीर झाला होता. पूजा चाललेलीच होती. सरपंचांच्या पत्नी मालूबाई यांनी पितळेच्या ताटलीत भरपूर कापूर पेटवून टेबलास ओवाळले, आणि तेवढ्यात साहेबांची जीप फाटकातून आत आली. धावपळ झाली. साहेब थेट ध्वजाजवळ गेले, दोरी ओढली, फुले पडली, रुपालीबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सावधान. राष्ट्रगीत शुरू कर." आणि मालूबाईंनी, सावधान म्हटल्यावर हात खाली हवेत या विचाराने, जळत्या कापराची ताटली समोर होती तेथे ठेवली.

ती टेबलावर ठेवली. वडिलांच्या नावाच्या आरंभी ठेवली.

सज्जन वाचकांनी या प्रसंगाची कल्पना करावी. राष्ट्रगीत चालू असता हलता येत नाही. हे मला शाळेत शिकविलेल्या थोड्या गोष्टींपैकी एक आहे आणि मी ती आजवर मोडलेली नाही. सर्व गाव ताठ उभे होते. मी ताठ उभा होतो. माझ्यापासून दोन हातांवर ताटलीतील कापूर उंच ज्योतीने जळत होता, पितळ तापत होते, आणि पितळाखाली लाख, लाखेखाली अक्षरे, अक्षरांखाली वडिलांनी लावलेला साग. धोंडी सुतार पलीकडे उभा होता. त्याचेही डोळे ताटलीवर खिळले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्याच्या ओठांवर राष्ट्रगीत होते आणि चेहऱ्यावर मयताची कळा. विंध्य हिमाचलापर्यंत पॉलिशचा वास येऊ लागला. मुले नेहमीपेक्षा सावकाश गात आहेत, असे मला वाटले. जयघोष आला तेव्हा मी तो इतक्या मोठ्याने म्हटला की साहेबांनी मान वळविली नाही, पण भुवई वळविली.

'विश्राम' म्हणताच मी झेप घेतली. ताटली धरली, बोटे पोळली, आणि ताटली निघेना. लाख मऊ होऊन पितळास चिकटली होती. मी ओढले तर टेबल पुढे आले. धोंडीने टेबल धरले, मी ताटली धरली, आणि तात्यांनी मला धरले. साहेबांना वाटले हा पूजेचाच भाग आहे, म्हणून त्यांनी हात जोडले. शेवटी एक कट्ट असा आवाज होऊन ताटली सुटली आणि मी तात्यांसह रांगोळीत बसलो.

टेबलावर ताटलीएवढे पांढरे कडे उमटले होते. त्याच्या आतील पॉलिश ताटलीबरोबर निघून आले होते आणि त्याबरोबर मजकुराचे पहिले अक्षरही आले होते. मी ताटली उलटी केली. तिच्या बुडाला, उलट दिशेने, स्वच्छ पांढरे 'कै.' चिकटले होते. बाकीचे सर्व जागच्या जागी होते.

साहेबांनी पुढे येऊन टेबलावरील मजकूर मोठ्याने वाचला : गोमा धर्मा फर्डे यांच्या स्मरणार्थ. मग ते प्रसन्न मुद्रेने लोकांकडे वळून म्हणाले की, देणगीदार गोमाजी येथे उपस्थित असल्यास त्यांनी पुढे यावे, त्यांचा सत्कार करू.

पटांगणातील सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मग शेखर हसला. त्याच्यामागून सगळे गाव हसले. कोणी म्हणाले, गोमाकाका आले वाटतं परत. कोणी म्हणाले, बघा, शेवटी सुदामने बापाला उठवलाच. तात्या रांगोळीत बसूनच म्हणाले की, अळशीचे तेल असते तर गोमा मेलेलाच राहिला असता. मी साहेबांना नम्रपणे खुलासा केला की, वडील वारलेले आहेत, परंतु तसा पुरावा आता ताटलीवर आहे. मग त्यांनी माझा सत्कार केला. तो मी रांगोळी झटकीत स्वीकारला. शालीखाली माझी पोळलेली बोटे दुखत होती. त्याहून अधिक दुखत होते ते हे की, ज्या नावासाठी एवढे केले, ते नाव हशाचा विषय झाले.

कार्यक्रम संपला. चहा आला. लोक पांगले. धोंडी हातात बोळा घेऊन टेबलापाशी उकिडवा बसून मला सांगत होता की, घाबरू नका, स्पिरिटचा बोळा फिरवला की कडे जाईल, आणि रंगाऱ्याकडून तेवढे अक्षर पुन्हा काढून घ्या. मी मान डोलावीत होतो. इतक्यात माझी आई, लहानी, बायकांच्या घोळक्यातून टेबलाशी आली. हातात चहाचा पेला. तिने मला विचारले की, मघाशी सगळी का हसली.

आईला लिहितावाचता येत नाही. मी तिला शक्य तितक्या गंभीरपणे समजावून सांगितले की, नावाच्या आधी माणूस वारला असे सांगणारे एक अक्षर असते, ते तेवढे कापराने गेले. म्हणून लोक म्हणतात की, बाबा जिवंत आहेत.

ती त्या कड्याकडे वाकली. मग तिने त्याच्या मधोमध बोट ठेवले.

"ते हितं व्हतं?"

मी म्हणालो, होय, तेथेच होते.

"मंग परत नको लिवू रे. जला तो बरा झाला. त्याला कशाला सारखा सांगाचा का तू मेलास."

धोंडीने हातातील बोळा खाली ठेवला. आई टेबलाला टेकून उभी राहिली, पदराने एकदा ती अक्षरे पुसली, आणि दमली म्हणून हातातील वाफाळता पेला कड्याच्या शेजारी टेबलावर ठेवला.

माझा हात सवयीने पुढे गेला. तो मी मागे घेतला. आई सावकाश चहा प्याली, घोट घेऊन पेला पुन्हा त्याच जागी ठेवीत. तिने तो शेवटी उचलला, तेव्हा मोठ्या कड्याला लागून एक लहान पांढरे कडे उमटले होते.